दीडशेचं इंजिन बसवू नकोस

प्रिय बारके,

परवा रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं ‘बरं, बरं’ करत राहिलो. तुझी आई समोर मटार सोलत बसली होती आणि तिच्यासमोर मला इंजिनाचं काही बोलता येत नाही. ती मधेच म्हणते, ‘तुमचं ऐकून बोटसुद्धा घाबरेल.’ म्हणून लिहायला बसलो आहे. पत्र वेळेत पोचेल का, हे काल टपालकचेरीतल्या बाईला तीनदा विचारून आलो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘आजोबा, मंगळवारी टाकलंत तर शुक्रवारी पोचेल. आता तुम्ही पण घरी पोचा.’ तुझा इंजिनवाला शनिवारी येणार, म्हणजे मधे एक दिवस राहतो. पत्र हातात पडलं की लगेच वाच. धक्क्यावर उभी राहून वाचू नकोस, लाकूड ओलं असतं.

तू सांगितलंस ते मी नीट ऐकलं होतं. दोन वर्षं लहान मुलांना बोटीमागे दोरी धरून पाण्यावरचं स्कीइंग शिकवलंस, कधी अडलं नाही. या महिन्यापासून मोठ्यांचा वर्ग सुरू केलास, तेरा जणांनी नावं दिली, आणि पहिल्या आठवड्यात पाण्यावर एकही उभा राहिला नाही. त्या शाळेतल्या बाईंना अर्ध्या तलावापर्यंत ओढत नेलंस, त्या पोटभर पाणी प्यायल्या, आणि वर आल्यावर त्यांनी विचारलं, ‘माझंच वजन जास्त आहे का हो?’ त्या परत आल्या नाहीत. चार जणांनी नावं काढून घेतली. इंजिनवाल्याने पाहिलं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या वर जात नाही, आणि तो म्हणाला की हे नव्वद हॉर्सपॉवरचं इंजिन थकलंय, दीडशेचं घ्या. हा महिना असाच गेला तर वर्ग बंद करावा लागेल, असं तू अगदी सहज म्हणालीस. तू सहज बोलतेस तेव्हा मला जास्त काळजी वाटते.

बारके, दीडशेचं बसवू नकोस. तुझी बोट सोळा फुटी आहे. तिच्या आतल्या बाजूला एक छोटा पत्रा ठोकलेला आहे, त्यावर जास्तीत जास्त नव्वद असं लिहिलेलं आहे. तो आकडा शोभेसाठी नसतो. दीडशेचं इंजिन वजनालाच भारी, बोटीचा मागचा भाग दबतो. एकदम थांबलीस की मागून आलेली आपलीच लाट आत शिरते. वळणावर तर बोट हातात राहत नाही. मी असं एकदा पाहिलं आहे. माणसं वाचली, बोट अजून तळाशी आहे.

तुला माहीत आहे, मी सातवीच्या पुढे गेलो नाही. पण एकतीस वर्षं धक्क्यावरच्या कारखान्यात इंजिनं उघडली आणि मिटली. लोक यायचे आणि विचारायचे, स्कीइंगला किती पॉवर लागेल? मी उलट विचारायचो, बोटीत कोण कोण बसणार? मग निघायचं की मेव्हणा, मेव्हण्याची बायको, तिची मावशी आणि जेवणाचे चार डबे. मी म्हणायचो, मग स्की घरी ठेवा, नुसतं फिरायला जा. एक माणूस चालवायला, एक मागे बघायला, आणि तिसरा दोरीच्या टोकाला, एवढंच धरून हिशोब करायचा. वेगाला पॉवर लागते ती थोडी. खरी लागते ती माणसाला पाण्यातून उपसून वर काढायला, पहिली पाच-सहा सेकंदं. लहान मूल पन्नासच्या इंजिनानेही उठतं. धडधाकट माणसाला तुझ्या मापाच्या बोटीवर सत्तरऐंशी तरी हवी, नव्वद असली तर उत्तम. एखादा फारच वजनदार असला तर इंजिन नाही बदलायचं, पाण्यात फिरतो तो पंखा बदलायचा. पात्यांचा पीळ कमी असलेला लावला की बोट शेवटी थोडी हळू धावते, पण उचलते झटकन.

आणि कमी पॉवर म्हणजे सुरक्षित, असं समजणारे शहाणे मी पुष्कळ पाहिले. आमच्या धक्क्यावर एक शिंपी यायचा, चांगला धष्टपुष्ट. त्याच्या भावाने भीतीपोटी चाळीसचं इंजिन घेतलं. शिंपी उठेना, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर, आणि दोरी सोडेल तर तो शिंपी कसला. बोटीचं नाक वर गेलेलं, भावाला पुढचं काही दिसेना. शिंप्याचा खांदा निखळला. पुढे तीन महिने त्याची बायको कापायची आणि तो नुसता मापं सांगायचा. तेव्हा सगळ्यांना मीच समजावलं होतं की चूक वेगाची नाही, ओढ कमी पडली त्याची आहे. म्हणजे मला कळत नाही असं नाही. कळतं.

घरी तसं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा जिन्यापुरता दुखतो, बाजारात जाताना दुखत नाही. मी दुपारी गॅस दोनदा बघतो, त्यावरून रोज बोलणी खातो. परवा ती तुझी आठवण काढत होती, तू बारा वर्षांची होतीस तेव्हाची. मी बोट चालवत तुला पहिल्यांदा स्की शिकवत होतो, त्या दिवशी तू सहा वेळा पडलीस. ओठ निळे पडले होते, तरी म्हणत होतीस, ‘अप्पा, अजून एकदा.’ मग बोटीत मागे बसलेली तुझी आई उठली आणि म्हणाली, ‘तुम्ही सरका, मी चालवते.’ तिने आयुष्यात वेगाच्या हॅंडलला हात लावला नव्हता. तिने ते एकदम पुढे ढकललं आणि तू उभी राहिलीस. तू समजलीस की सातव्या वेळी तुला जमलं. तसं नव्हतं. तुला सहाही वेळा जमलं असतं. तुझं डोकं पाण्याच्या वर आलं की माझा हात आपोआप मागे यायचा. हे तुझ्या आईला तेव्हाच दिसलं होतं, ती बोलली नाही. मीही बोललो नाही, आणि तू कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होतीस की मी सहा वेळा पडले.

आता ज्यासाठी लिहितो आहे ते. तुझं इंजिन थकलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी बोट घेतलीस आणि मला म्हणालीस, अप्पा, एकदा नजर टाका, तेव्हा तू चहा आणायला गेलीस तेवढ्यात मी झाकण उघडलं. हॅंडलकडून येणारी वायर जिथे इंजिनाला जोडते तिथे एक पितळी, आट्यांचं टोक आहे. ते मी चौदा आटे फिरवून वायर ढिली केली. त्यामुळे तू हॅंडल पुरतं पुढे नेलंस तरी आतली झडप पुरती उघडत नाही. नव्वदातले साठ जेमतेम मिळतात. मुलांना एवढं बास, असं मी मनाशी म्हटलं. तुला सांगायचं नाही हेही तेव्हाच ठरवलं. फोनवर ‘काटा चार हजारांवर जात नाही’ म्हणालीस आणि मला ते टोक आठवलं. मी तुला वेगापासून वाचवायला गेलो आणि तू आता आणखी भारी इंजिन टांगायला निघालीस, ते माझ्यामुळे. तेव्हा शनिवारच्या माणसाला नको म्हणून सांग. इंजिन बंद कर, चावी काढून खिशात ठेव, दहा नंबरचा पाना घे आणि ते टोक उजवीकडे फिरव. मग त्या बाईंच्या घरी जा आणि सांग की त्यांच्या वजनात काही दोष नव्हता, माझ्या वडिलांत होता. तुला राग येईल. तो मी आलो की काढ, मी ऐकून घेईन. पण आटे मोजून चौदाच फिरव. पंधरावा फिरवू नकोस, वायर ताणते.

तुझाच,
अप्पा