केबल दुसऱ्या पोर्टला लावलीय

दादा,

दारावरची नवी पाटी बघून आत आलास ना? म्हणजे कळलं असेल, बाबांचं पाट्या कोरायचं मशीन मेलेलं नाहीये! "जुनाट कॉम्प्युटर, जुनाट विंडोज, सगळं भंगारात घाला," म्हणालास आणि बाबांना न विचारता भंगारवाल्याला आज बोलावूनही मोकळा झालास. नाचता येईना अंगण वाकडं! अरे, साफसफाई करताना तूच मशीनची केबल तिसऱ्या सीरियल पोर्टला लावलीस आणि माऊस आहे पहिल्याला. या कॉम्प्युटरात पहिला आणि तिसरा एकाच लाइनवर बोलतात. माऊस हलला की मशीन मुकं. अगदी आपल्या घरासारखं, तू तोंड उघडलंस की बाबा गप्प.

मी केबल दुसऱ्या पोर्टला लावली, सेटिंगमध्येही दुसराच पोर्ट निवडला, आणि काय सांगू, मशीन पितळेवर खरखर चालायलाच लागलं रे!

पण बाबांना माहीतच नाही. "आता इथे माझं काय काम," म्हणत ते सकाळीच आत्याकडे निघून गेले. मी आणि आई त्यांना आणायला चाललोय. जेवण झाकून ठेवलंय.

भंगारवाल्याला तू बोलावलंस, तूच परत पाठव. आणि केबलला हात लावू नकोस, उपकार होतील.

पाटीवर बाबा, आई आणि मी आहोत. खाली एका नावापुरती जागा सोडलीय. परत आल्यावर मशीन जागेवर दिसलं, तर कोरते.

छोटी