मार्लीच्या लग्नातली एकतीस पिस्तुलं

प्रिय आणि आदरणीय आर्डिथमावशी,

तुझा गुडघा कसा आहे? नवीन बसवलेल्याबद्दल विचारतेय, जुन्याची चौकशी आता करून काय उपयोग. कोंबड्या अंडी देतायत ना? इकडे रॉस्कोची पाठ सोडली तर सगळे बरे आहोत. तू गुडघ्यामुळे आमच्या मार्लीच्या लग्नाला आली नाहीस आणि गावातले लोक तर काहीही बोलतायत, म्हणून खरं काय झालं ते मीच लिहायला बसले. माझी शाळा आठवीत सुटली हे तुला माहीत आहे, तेव्हा चुका दिसल्या तर वाचता वाचता दुरुस्त कर आणि मला सांगू नकोस.

बागेतला मंडप आम्हाला दोन ते चार मिळाला होता. चारला तिथे एका सात वर्षांच्या पोरीचा वाढदिवस. बागेच्या ऑफिसातल्या बाईने मला फोनवर तीनदा बजावलं की चार म्हणजे चार (मी बहिरी आहे असं तिला कुणी सांगितलं कोण जाणे). शिवाय पाद्रीबुवांना पाचला पलीकडच्या गावात एकाला पुरायचं होतं. म्हणजे त्या दोन तासांत लागलं तर लग्न, नाहीतर मार्लीचा तो झालरीचा पोशाख, रॉस्कोने पहाटेपासून धुरावर शिजवलेलं डुकराचं मटण आणि माझी सहा महिन्यांची धावपळ, सगळं पाण्यात.

आता मुलाकडची माणसं म्हणजे पेटिग्रू. माणसं चांगली आहेत, त्याबद्दल काही नाही. पण पेटिग्रू एक वेळ बुटांशिवाय घराबाहेर पडेल, कमरेच्या पिस्तुलाशिवाय पडायचा नाही. बायकाही त्यातल्याच. एकतीस माणसं आली आणि एकतीस पिस्तुलं आली. त्याला माझी ना नव्हती, सगळ्यांकडे परवाने आहेत आणि बागेत आता चालतं (आधी चालत नव्हतं, मग चालायला लागलं, मग फाटकावरची पाटी काढली, मग दुसरी लावली, तू बागेच्या समितीवर आहेस, तुम्ही लोकांनीच हा घोळ घातलाय). घोटाळा एवढाच की आमचे व्याही बर्ल पेटिग्रू नियमांचं पुस्तक खिशात घेऊन फिरतात. आणि नियम असा की शेजारच्या मैदानावर शाळेची मुलं खेळत असतील, तर तेवढा वेळ पिस्तूल घेऊन जवळपास थांबायचं नाही. गाडीत कुलपात ठेवायचं.

दोन वाजून तीन मिनिटांनी पाद्रीबुवांनी पुस्तक उघडलं आणि मैदानापाशी पिवळी बस येऊन थांबली. मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना. बर्ल उठले, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "शाळा आली." झालं. एकतीसच्या एकतीस उठून टेकडीखाली गाड्यांकडे निघाले, त्यात नवरदेवही. मार्ली फुलं हातात धरून एकटी उभी. पेटिग्रू कुठल्याच कामात घाई करत नाहीत. पिस्तूल काढायचं, रिकामं करायचं, पेटीत ठेवायचं, कुलूप लावायचं, मग कुलूप लागलं का बघायला परत जायचं. वीस मिनिटं गेली.

ते वर येऊन बसतात न बसतात तोच ढग गडगडला. मुलींबरोबर आलेल्या मास्तरीणबाईंनी शिट्टी मारली आणि सगळ्या पोरी बसमध्ये. गडगडाट ऐकू आला की अर्धा तास खेळायचं नाही, असा शाळेचा नियम. मैदान रिकामं झालं म्हणून बर्ल पुन्हा उठले. मी विचारलं आता कुठे, तर म्हणाले, पिस्तुलं आणायला. तासभर त्या पिस्तुलांशिवाय त्यांचं काय अडलं होतं मला कळेना. त्यावर विहीणबाईंनी मला समजावलं की तान्हं मूल गाडीत ठेवून कुणी लग्नात बसतं का. (त्यांचा धाकटा नातू तेव्हा खरंच गाडीत झोपला होता, पण तो विषय मी काढला नाही.)

गेले, आले, बसले. अर्धा तास भरला, पोरी मैदानावर आल्या. हे उठले, गेले, आले. पाद्रीबुवांनी तिसऱ्यांदा सुरुवातीपासून सुरू केलं, आणि पुन्हा गडगडलं. साडेतीन वाजले होते. मंडपाच्या दाराशी वाढदिवसाची मंडळी येऊन पंपाने एक भलामोठा गुलाबी घोडा फुगवत होती. मार्लीच्या डोळ्यांतलं काळं हनुवटीपर्यंत आलं होतं. मी मास्तरीणबाईंकडे गेले आणि म्हटलं, एक काय ते ठरवा, खेळा नाहीतर घरी जा. ती म्हणाली, "ढगांना विचारा, बाई."

मग मी पेटिग्रूंच्या मागोमाग टेकडी उतरले. बर्लना म्हटलं, या पोरांचं लग्न आज लागणार आहे की नाही? ते म्हणाले, "लव्हॉनताई, मी कायदा सोयीने पाळत नाही." मावशी, मी तुझी भाची, हात उगारला नाही एवढंच. मी विचारलं, आणि गाडीत बसलं तर काय म्हणतो तुमचा कायदा? त्यांनी चष्मा लावला, पुस्तक काढलं, दोन पानं मनात वाचली. म्हणाले, गाडीतलं पिस्तूल गाडीतच राहिलं, तर मैदानावर कुणी असो नसो, काही म्हणत नाही.

"मग उतरूच नका," मी म्हटलं.

पाद्रीबुवांना मी बाहीला धरून खाली आणलं. पेटिग्रू आपापल्या ट्रकमध्ये बसले, काचा खाली केल्या, आमची माणसं मधल्या वाटेवर उभी राहिली, आणि मार्ली बापाचा, रॉस्कोचा, हात धरून त्या दोन रांगांमधून चालत आली. नवरदेव आपल्या ट्रकच्या दाराशी उभा होता, पिस्तूल आत सीटखाली. दोघं "हो" म्हणाली आणि एकदम सगळे भोंगे वाजले. सगळ्यात जास्त वेळ त्या पिवळ्या बसचा, आतल्या पोरी खिडकीतून ओरडत होत्या. चारला चार मिनिटं कमी होती. मी वर मंडपापाशी जाऊन त्या गुलाबी घोड्याला टेकून रडले. कुणाला सांगू नकोस.

गुडघ्याला जप. रॉस्कोचा नमस्कार.

तुझी भाची,
लव्हॉन

ता. क. बागेच्या ऑफिसातून पत्र आलंय. शाळेच्या मुलींजवळ हत्यारं घेऊन माणसं होती, अशी कुणीतरी तक्रार केलीय आणि गुरुवारी समितीसमोर सुनावणी आहे. दोष ठरला तर वर्षभर मंडप नाही, आणि धाकटीचं लग्न ऑक्टोबरात. तेव्हा तू काठी घेऊन का होईना जा, आणि तू तिथे नव्हतीस तरी शपथेवर सांग की पोरी मैदानावर असताना लग्नातल्या कुणाहीजवळ पिस्तूल नव्हतं.

आणखी ता. क. वर "लग्नातल्या कुणाहीजवळ" लिहिलंय, तिथे "पेटिग्रूंपैकी कुणाहीजवळ" असं म्हण. आत्ता पाकिटाला तिकीट लावायला, लग्नात दिवसभर खांद्याला होती ती पर्स उपसली तर तळाशी, टाचण्या आणि रुमालांच्या खाली, रॉस्कोने गेल्या वाढदिवसाला दिलेलं माझं पिस्तूल निघालं. बर्लना कळता कामा नये.