तळवे पुसायची पहूरची रीत

सगळ्यांत आधी टपकला तो झुलाल. पाहुणे अकराला येणार हा निरोप त्यानंच दिलेला, आणि स्वतः साडेआठलाच ओट्याला मोटरसायकल टेकवून हजर. (झुलाल आमच्या गल्लीतला, सोयरिकी जुळवतो. आजवर तीन जुळवल्या, त्यातली एक मोडली, पण तो दोष फोटो काढणाऱ्याचा असं त्याचं म्हणणं.) सून नूतन न्हाणीत, प्रेमराज पेढे आणायला गेलेला, म्हणून त्याच्यापुढे च्या ठेवून मीच बसले आणि कप रिकामा होईस्तोवर मुलाची होती नव्हती ती माहिती काढून घेतली. त्यातली एक गोष्ट ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्याला दुसरा कप दिला. कोणती गोष्ट ते मागाहून.

बघा, नमस्कार लिहायचा राहिलाच. खोडाखोड करत नाही, इथेच लिहिते. तीर्थरूप चुडामण नाना यांच्या पायावर शिंदखेड्याहून धाकट्या बेबाचं डोकं. (पत्रात तुम्ही म्हणते, समोर आलास की तूच.) आम्ही सगळी बरी आहोत. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? तेल चोळता की वहिनीला नुसती बाटली दाखवता? गुडघ्याची चौकशी उगीच करत नाहीये, एवढं ध्यानात ठेवा. फोन का नाही केला म्हणाल, तर वहिनी फोन मोठ्या आवाजावर लावते आणि अख्खं पहूर हुंकार भरतं. ही गोष्ट तुमची माझी आहे. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लागेल तसं लावून घ्या.

तर पाहुणे आले होते आपल्या मोनालीला बघायला, म्हणजे माझ्या प्रेमराजच्या थोरलीला. बोदवडची माणसं, केळी आणि कापूसवाली. मुलगा हितेंद्र, जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. सगळं चांगलं, फक्त एक अडचण. मोनाली धुळ्याला कॉलेजात बास्केटबॉल खेळते, आणि तिनं बापाला सांगून ठेवलंय की जिथे खेळू देतील तिथेच लग्न करीन. प्रेमराजनं आम्हाला सांगून ठेवलं की सोयरीक ठरेपर्यंत बॉलचा विषय कोणी तोंडातून काढायचा नाही, मागून बघू. मागून म्हणजे कधीच नाही, हे मला कळतं. माझंही लग्नाआधी असंच ठरलं होतं की मला पाचवीत घालतील. घातलं का? डिसेंबरात तिची मोठी स्पर्धा आहे. पोरीनं आठ दिवस नीट जेवण केलं नाही.

मी तिचा खेळ एकदा बघितलाय, गेल्या थंडीत. नाना, त्या टोपलीला बूड नसतं. पोरी घामाघूम होऊन चेंडू वर टाकतात आणि तो खालून पडतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. मी शेजारच्या बाईला म्हटलंही की एक टोपली मी घरून आणून देते. पण खरी गंमत ती नाही. खेळ जरा थांबला की मोनाली हाताला जीभ लावायची, पाय मागे उचलायची आणि बुटाचा तळ पुसायची. आधी डावा, मग उजवा. मला वाटलं पोरगी शेणात पडली. मग बघते तर दहाच्या दहा पोरी पुसताहेत. दहाजणी शेणात कशा पडतील? मग माझ्या डोक्यात आलं की दृष्ट काढायला आपण पायाखालची माती घेतो ना, तर समोरच्या पोरींनी ती माती नेऊन काही उलटसुलट करू नये म्हणून ह्या पुसून घेत असतील. मला फार पटलं ते. मी पिशवीतली मीठ-मोहरी काढली आणि खेळ संपल्यावर मैदानात जाऊन मोनालीच्या पायाखालची चिमूटभर धूळ उचलून तिची दृष्ट काढली, आणि मग वाईट वाटलं म्हणून समोरच्या पाचजणींचीही काढली. त्यांच्या मास्तरीणबाई रडल्या. (हसल्या असतील. डोळ्यांत पाणी होतं एवढं खरं.)

येताना बसमध्ये मोनालीनं समजावलं. मैदानावर धूळ बसते, ती बुटाच्या रबराला चिकटते, मग धावता धावता वळलं की पाय सटकतो आणि माणूस आपटतं. ओल्या हातानं धूळ काढली की रबर पुन्हा जमीन धरतं. एवढंच. आणि आता सवय अशी झालीय की तळव्याखाली जरा काही लागलं की हात आपोआप जातो, अनवाणी असली तरी.

आता त्या दिवशीचं. पाहुणे आले सव्वाअकराला. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून भाकरीसाठी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ चाळत होते. (पाहुण्यांच्या दिवशी पीठ कशाला चाळता, असं नूतननं विचारलं. मला त्या कानानं कमी ऐकू येतं.) थोडं पीठ फरशीवर सांडलं. नवी गुळगुळीत फरशी, नाना, तुम्ही दिवाळीला घसरलात तीच. मोनाली साडी नेसून, दोन्ही हातांत च्याचा ट्रे घेऊन आली, पिठात पाय पडला, आणि उंबऱ्यातच थांबली. ट्रे एका हातावर तोलला, मान वर, नजर समोरच्या घड्याळावर, डावा पाय मागे, हातानं तळवा पुसला. मग उजवा. मग तोच हात पदराला पुसून ट्रेला लावला. एक थेंब सांडला नाही. माझा जीव सुपाएवढा झाला.

मुलाच्या आईचा मात्र चेहरा उतरला. ज्योतीबाई नाव त्यांचं, फार रीतीभातीची बाई, घरात येतानासुद्धा उंबऱ्याला हात लावून आलेली. त्या हळूच म्हणाल्या, "पायाचा हात च्याला लावून राह्यली वं ही?"

प्रेमराजच्या हातातला पेढा हातातच राहिला. मोनालीचे डोळे भरले. ती आता तोंड उघडणार आणि बॉलचं सगळं सांगून मोकळी होणार, हे मला दिसलं. मग मीच बोलले.

"रीत शे आमनी," मी म्हटलं. "पाहुण्याला काही न्यायचं तर बाहेरची धूळ पायाबरोबर न्यायची नाही."

आणि उठून तांब्या घेतला, मोनालीच्या हातावर पाणी घातलं, जणू रीतीतला पुढचा भाग तोच. तोंडातून निघत गेलं, नाना. डावा आधी, उजवा नंतर, घरातल्या म्हातारीनं पाणी घालायचं. ज्योतीबाई पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे असलं काही उरलंच नाही, सगळं सोडून दिलं लोकांनी. ही रीत इकडची का? म्हटलं नाही, माझ्या माहेरची, पहूरची.

पुढे खेळ धकला. वडीलधाऱ्यांनी पोरांना ओट्यावर बोलायला सोडलं, आणि मी शेंगा फोडायच्या निमित्तानं तिथेच बसले. (ऐकू येतं तो कान त्यांच्याकडे करून.) मग हितेंद्र म्हणाला, "मी पाच वर्षं पुसले. पण उजवा आधी."

"डावा आधी," मोनाली म्हणाली.

यावर ती दोघं इतकी भांडली की माझ्या शेंगा संपल्या. शेवटी मोनालीनं सांगून टाकलं की डिसेंबरात मी खेळणार, लग्न ठरो न ठरो. तो म्हणाला, खेळ, मी बघायला येतो. आईला मी स्वतः सांगणार, आणि सांगितल्याशिवाय तारीख धरायची नाही. फक्त ती खूश असेल तेव्हा सांगतो. मला पोरगा आवडला. जाताना त्यानं बुटाचा तळ पुसला, उजवा आधी, आणि ज्योतीबाईंनी त्याच्या हातावर स्वतः पाणी घातलं.

वहिनीला नमस्कार. तुमची बेबा.

ता. क. आता गुडघ्याचं. ज्योतीबाईंनी विचारलं की ही रीत पहूरला अजून कोणी पाळतं का. मी म्हटलं, आमचे चुडामण नाना, वय एक्याऐंशी, अजून रोज जेवायला बसण्याआधी एका पायावर उभं राहून, भिंतीला हात न लावता. भिंतीचं बोलायला नको होतं, पण निघून गेलं. ज्योतीबाईंची नणंद पहूरलाच दिलेली आहे, ती बुधवारी त्यांना घेऊन तुमच्याकडे येतेय, बघायला. हितेंद्र त्यांना पहूरहून परत नेताना गाडीत बॉलचं सांगणार आहे. म्हणजे मोनालीचा डिसेंबर तुमच्या उजव्या गुडघ्यावर आहे. आजपासून तेल लावा, मागे वहिनीला उभी करा, डावा आधी.

आणखी ता. क. पीठ आपसूक सांडलं नव्हतं. झुलालनं मला सकाळीच सांगितलं होतं की मुलगा पूर्वी धुळ्याला बास्केटबॉल खेळायचा. बॉलचा विषय तोंडातून काढायचा नाही, असं प्रेमराजचं म्हणणं. मी तोंडातून काढला नाही. हे पत्र वाचून चुलीत घाला.

आणि हे शेवटचं. मी खोटं बोलले असं मला वाटत होतं, पण काल शिडी बघून आठवलं. माय ज्वारीच्या बिबड्या-पापड्या वाळत घालायला धाब्याच्या छतावर चढायची तेव्हा पहिल्या पायरीपाशी थांबून तळवे पुसायची, पाय सटकू नये म्हणून. तू शिडी धरायचास. डावा आधी पुसायची का उजवा, ते तुला आठवत असेल तर मात्र कोणाला सांगू नकोस. ज्योतीबाई बुधवारी सकाळी तुझ्याकडे. आमच्याकडे तारीख धरायला गुरुवारी येतो म्हणालेत.