इंजिनाच्या तळाचा नट

इस्लामपूर,
१४ फेब्रुवारी २०२४

ती. तानाजीमामांस,
शंभूराजचा शि. सा. न. वि. वि.

आई बरी आहे. तुमच्या पायात रॉड घातल्यापासून तिनं सोमवार धरलेत. आपण रोज फोनवर बोलतो, तरी पत्र लिहितोय. कारण सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा ऊन-थंडीचं बोलून फोन ठेवला.

मामा, मायणीच्या पुढच्या वळणावर तुम्ही खडीवरून घसरलात, असं सगळे म्हणतात. तसं नाही. दोन महिने मायणीत पडून असलेली तुमची गाडी काल टेम्पोतून इथं आली. आडवी करून पाहिली. इंजिनाच्या तळाचा, ऑइल काढायचा नट जागेवर नाही. भोकाचे आटे शाबूत आहेत, म्हणजे तो तुटला नाही, सुटला. मागच्या टायरवर धुळीसकट ऑइलचा थर बसलाय.

त्या दिवशी इथून निघण्याआधी तुम्ही गाडी मिस्त्रीकडे नेणार होतात. मीच म्हणालो, ऑइल बदलायला मिस्त्री कशाला, मी अंगणातच बदलतो. जुनं ऑइल काढलं, नट बोटांनी फिरवून लावला, तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. जेवून आलो आणि नवीन ऑइल ओतलं. पान्यानं नट आवळायचा राहिला. जाताना तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत.

आता मेंढरांमागं चालणं जमणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. ते माझ्यामुळं. आईलाही अजून सांगितलेलं नाही. तुम्ही बोलाल ते कबूल आहे, फक्त बोलणं बंद करू नका.

तुमचा भाचा,
शंभूराज

दहिवडी,
२२ फेब्रुवारी २०२४

चि. शंभूराज यास मामाचा आशीर्वाद.

चष्मा सापडंना म्हणून तुजं पत्र मंगलमामीनं मोठ्यानं वाचलं. निम्म्यावर तिनं कागद माज्या हातात दिला. बाकीचं मी डोळ्याजवळ धरून वाचलं. फोनवर सांगाय लागला आसतास, तर मी तुला पुरतं बोलूच दिलं नसतं. लिवलंस ते बरं केलंस.

आता माजं ऐक. विट्यात च्याला थांबलो, तवा गाडीखाली ऑइलचे थेंब दिसले. टपरीवाला बी म्हणाला, पावणं, गाडी गळतीया. मी म्हणलं, भाच्यानं आत्ताच भरलंय, वरचं सांडलं आसंल. वाकून बघितलं न्हाई. लोकर कातरायची माणसं घरी येऊन बसली व्हती, घाई व्हती. तू नट आवळला न्हाईस, हे खरं हाय. गळती बघून मी निघालो, हे बी खरं हाय. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मंगलला आज दोघांचं बी एकदम कळलं.

मेंढरं आता धाकटा भाऊ सयाजी राखतोय. सकाळी कळप दारावरनं जातो, तवा मी आत जाऊन बसतो. तुला खोटं कशाला सांगू?

गाडी भंगारात घालू नगंस. तूच दुरुस्त कर आन् तूच चालवत घेऊन ये. आक्काला तुज्याच तोंडानं सांग. माजी माया हाय तशीच हाय.

तुजा मामा,
तानाजी

ह्याच कागदावर मंगलमामी लिवतीया. ह्यांनी नको म्हणलं, तरी लिवते. मला तुजा लय राग आलाय, ह्यांचा बी. ह्यांना रोज धरून उठवते, बसवते ती मी. राग कवा जाईल ठावं न्हाई. पर तू लांब ऱ्हायलास तर तो जायाचाच न्हाई. तवा ये. मी बोलंन का न्हाई, ते आत्ता सांगत न्हाई. ताट वाढीन.