ग्रिसनचा फोटो

शॉमबर्ग, १९ सप्टें. २००६
इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची प्रुफं आली. संपादक वंदनाताई. म्हणाल्या, "शुद्धलेखन तेवढं बघ गं, तुझं मराठी छान आहे." मुलांचा विभाग उघडला आणि डोकंच फिरलं. ग्रिसन या प्राण्यावर मी पाठवलेला लेख. शब्द न् शब्द माझा. खाली नाव: ईशा, इयत्ता सातवी. वंदनाताईंची लेक. तिला मराठी वाचताही येत नाही!

२० सप्टें.
वंदनाताईंना फोन केला. "अगं, मुलांचं काहीच आलं नव्हतं. तू मोठी आहेस, पुढच्या वर्षी लिही." नागपूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे मी. इथे अमेरिकेत नवऱ्याच्या व्हिसावर आलेय, नोकरी करता येत नाही. माझ्या नावाचं हे एवढंच छापून येणार होतं. मकरंद म्हणतो, जाऊ दे यार. का जाऊ दे?

२३ सप्टें.
लेखावर वंदनाताईंनी नेटवरून उचललेला फोटो. हनी बॅजर! आफ्रिका-आशियातला! ग्रिसन दक्षिण अमेरिकेच्या गवताळ रानातला, मुंगसाएवढा, काळं तोंड, कपाळावर पांढरा पट्टा. वरवर सारखे दिसतात, पण... मला शुद्धलेखन बघायला सांगितलंय. दोन वेलांट्या सुधारल्या, प्रुफं परत. छापा आता.

१४ ऑक्टो.
अंक आला. ईशाचं कौतुकच कौतुक. दिवाळीच्या कार्यक्रमात ती ग्रिसनवर बोलणार, आणि तयारीला पाठवली कुणाकडे? माझ्याकडे! कोडगेपणाची कमाल आहे. पोरगी दारातच म्हणाली, "मावशी, आय डिडन्ट राइट इट. सॉरी." तिच्यावर कसली रागावणार.
शिकवलं, मनापासून. ग्रिसन एकामागे एक रांगेत कसे चालतात, चिडले की कसला घाण वास सोडतात. खो खो हसली.

२० ऑक्टो.
आज तिने फोटोवर बोट ठेवलं. "मावशी, दिस इज नॉट हिम. पट्टा कुठेय? मॉमला सांगू?"
"स्टेजवरच सांग. सगळ्यांना कळेल."
"अँड दॅट यू रोट इट?"
नको म्हणाले नाही.
"मॉम रागावेल?"
"छे गं," म्हटलं. धडधडीत खोटं.

२१ ऑक्टो., सकाळ
वंदनाताईंचा फोन. "संध्याकाळी पहिल्या रांगेत बस हं, ईशाला धीर येईल." बसणारच. भरल्या हॉलमध्ये त्यांचं तोंड कसं उतरतं ते मला जवळून पाहायचंय. महिनाभर त्याचीच वाट पाहतेय.
पण घरी गेल्यावर त्या पोरीचं काय होईल...
तिला फोन करून सांगावं, नको बोलूस? रिसीव्हर उचलला. ठेवला.
आधी साडीला इस्त्री करते.