उजेड डाव्या खांद्यावरून

रविवार, १२ जानेवारी १९८६
आलो बाई एकदाचे मुलुंडला! घाटकोपरच्या चाळीत खोलीच्या मधोमध लोंबणारा एकच बल्ब. भाजी चिरा नाहीतर पेपर वाचा, सगळं आपल्याच सावलीत. इथे दोन खोल्या, आणि कुठला दिवा कुठे ते मी ठरवणार. साकीनाक्याच्या कारखान्यात बारा वर्षं ट्रेसर म्हणून दुसऱ्यांचे नकाशे गिरवले, आज स्वतःच्या घराचा काढला. ओट्यावर ट्यूब, आरशाच्या दोन्ही बाजूंना बल्ब, आणि क्षमाच्या टेबलासाठी डाव्या भिंतीवर ट्यूब. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डाव्या खांद्यावरून हवा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. पोर आठ वर्षांची, चष्म्याचा नंबर आत्ताच अडीच. अंधुक उजेडात वाचू दिलंत तर आणखी वाढेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. हे म्हणाले, दिव्यांचं एवढं काय कौतुक!

गुरुवार, १६ जानेवारी
कुंडलिक वायरमनने काम संपवलं. ओटा झकास उजळलाय, मिठातला खडासुद्धा दिसतो. पण जिच्यासाठी हा खटाटोप, तिच्याच टेबलावर सावली! मोठी, पुसट, अख्खं टेबल व्यापणारी. नक्कीच ट्यूब वीतभर चुकीची बसवली असणार. माणसं एक काम सरळ करतील तर शपथ.

सोमवार, २० जानेवारी
ट्यूब दोनदा हलवली. कपाट सरकवलं, कॅलेंडर काढलं, टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं आणि ट्यूब पुन्हा त्याच्या डावीकडे घेतली. सावली वहीवर हजर. आज कुंडलिक वैतागला. "वहिनी, माझी वायरिंग एकदम बरोबर आहे. पोरीच्या बाजूला कोण उभं राहतं ते बघा ना आधी!" नाचता येईना अंगण वाकडं. चांगलंच फैलावर घेतलं त्याला. क्षमा मात्र डोळे बारीक करून लिहीत बसली होती, ते बघून जीव तुटला.

बुधवार, २२ जानेवारी
टेबललॅम्प आणला, डावीकडे कपाटावर ठेवला. दिवेलागणीला ट्यूब लावली की क्षमा हात जोडते, तसे तिने लॅम्पलाही जोडले. हसू आलं. मग वहीकडे पाहिलं. आता दोन सावल्या. एका दिव्याची एक, दुसऱ्याची दुसरी. संतापाने लॅम्प फेकून द्यावासा वाटला. नीट पाहिलं तेव्हा त्यांचा आकार कळला. मान वाकवून वहीत बघणारं डोकं. क्षमाची स्वतःची सावली उजवीकडे जमिनीवर पडली होती. मी तर दारात उभी होते.

गुरुवार, २३ जानेवारी
नकाशात करतो तसंच केलं. प्रत्येक दिव्यापासून त्याच्या सावलीपर्यंत दोरा ताणला. दोन दोरे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे ती वस्तू असणार. क्षमाच्या खुर्चीच्या डावीकडे, दोन हातांवर. तिथे काही नाही. हात फिरवून पाहिला, काहीच लागलं नाही. पण मला भीती वाटली, खरंच वाटली.

शनिवार, २५ जानेवारी
सावली लहान झाली. वहीपेक्षा थोडीच मोठी, कडाही ठळक. ह्यांना वाटलं सुटलो. सुटलो कसले! वस्तू दिव्याजवळ असली की सावली मोठी आणि पुसट. कागदाकडे सरकली की लहान आणि ठळक. बारा वर्षांच्या नोकरीत हे कळलंच नसतं तर बरं झालं असतं. पुन्हा दोरे ताणले. आता एकच हात. हे म्हणतात, तुझेच डोळे तपासून घे. रडले.

सोमवार, २७ जानेवारी
तिसरा दिवा लावला. तिसरी सावली. तिन्ही दोरे एकाच जागी — क्षमापासून वीतभर.
क्षमाला विचारलं, भीती वाटते का. नाही म्हणाली. फक्त कानाजवळ गुदगुल्या होतात, म्हणाली. कुणीतरी हळू वाचतं तशा.

मंगळवार, २८ जानेवारी
सकाळीच क्षमाला पार्ल्याला नलिनीवन्संकडे पोचवलं. ह्यांची बहीण, प्रेमळ आहेत. शाळा बुडू दे. संध्याकाळी तिची जुनी वही टेबलावर ठेवून सगळे दिवे लावले. पान पांढरं स्वच्छ! सावलीचा मागमूस नाही. घरच वाईट होतं तर. सोडून देऊ हे घर. आज पोटभर जेवले.

बुधवार, २९ जानेवारी, संध्याकाळ
शेजारच्या अनुपमाबाईंकडे फोन आला. वन्संचा. हे टॅक्सी बघायला गेलेत, तोवर लिहिते — नाहीतर वेड लागेल.
वन्सं कुरकुरत होत्या. वीस वर्षांत आमच्या दिव्याची तक्रार नाही, आणि आज पोरीच्या वहीवर ही कसली सावली.
केवढी, विचारलं.
डोक्याएवढी. कडा कात्रीने कापल्यासारख्या.
सावली वस्तूएवढीच — म्हणजे वस्तू कागदाला टेकली. मधे जागा उरली नाही. आणि कागदापाशी तर क्षमाच —
ओरडले, वन्सं, दिवा बंद करा, तिला बाहेर अंगणात न्या.
त्या म्हणाल्या, "अगं वसुधा, दिवा केव्हाच बंद केलाय. ती सावली तश्शीच आहे. वहीवरून उठली, आता क्षमाच्या —" आणि लाइन तुटली.