बंब रुसला, साहेब

बा, काल मी कचेरीतल्या शिरस्तेदाराला भर नाक्यावर पागोट्यापासून जोड्यापर्यंत भिजवलं. चुकून नाही, मुद्दाम. आगीचा नवा बंब मुंबईहून मालगाडीने आलाय. टेंभी नाक्यावर त्याला हार घालून उभा केलेला, अर्धं ठाणं बघायला आलेलं, आणि शिरस्तेदार बंबापुढे उभा राहून कागद वाचत होता. आपल्या गावात आग विझवायची सोय कशी कशी वाढत गेली, त्याचं पुराण. आधी नुसत्या तळ्याच्या घागरी होत्या, मग जळती छपरं ओढून पाडायचे आकडे आले, रेल्वे आली, वस्ती वाढली, मग सरकारकृपेने पहिला बंब आला. इथवर ठीक होतं. मग म्हणतो, "परंतु मागल्या मुकादमाच्या गाफीलपणामुळे तो ऐन वेळी चालला नाही. चौकशीत मुकादमाने काय जबाब दिला? म्हणे, बंब रुसला." हे तो नाकात बोलला, तुझी नक्कल करून. लोक हसले. आपल्या आळीतले पण हसले, बा.

मी बंबाच्या पाणी उपसायच्या दांड्यावर उभा होतो. नळ धरलेल्या गड्याला म्हटलं, जरा डावीकडे घे. तो म्हणाला, "डावीकडे रावसाहेब हायत." म्हटलं, म्हणूनच. आणि दांडा हाणला. आम्ही चौघांनी मिळून तीनदा हाणला. कागदाची शाई त्याच्या उपरण्यावर उतरली. तो ओरडतो, "गाढवा, आत पाणी कोणी ठेवलं? बंब कोरडा ठेवायचा हुकूम आहे." मी म्हटलं, "रावसाहेब, कोरडा ठेवला की तो रुसतो." मग कोणी हसलं नाही. त्याने मला नीट बघितलं नि विचारलं, "तू त्याचाच ना रे?" हो म्हटलं. "तरीच," म्हणाला. उद्या सकाळी कचेरीत बोलावलंय. मुकादमकी मलाच द्यायची असं ठरत आलेलं, आता काय होतं बघायचं.

पण मला राग एकट्या त्याचा नाही. त्याच्या कागदात आकडे आपोआप आले. ते आकडे खांद्यावर टाकून पळणारा कोण होता ते नाही लिहिलं. तू मिठागरातून आलेला माणूस. पेंढ्याच्या छपरावर चढून दोन हिसक्यात ते खाली आणायचास, पुढचं घर वाचवायचास, म्हणून तर कचेरीने तुला बोलावून नोकरीला ठेवलं. बंब आला तेव्हा कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तू तो खोलून बघितलास. आत वरखाली होणाऱ्या दट्ट्याला कातडं आहे, ते ओलं असलं की फुगतं नि पाणी ओढतं, वाळलं की नुसती हवा खातं, हे तू शोधून काढलंस. पण शिरस्तेदाराला पितळ चकचकीत पाहिजे आणि बंब ठेवायच्या कोठीची जमीन कोरडी पाहिजे, कारण कधी गोरा साहेब बघायला आला तर चिखल दिसायला नको. मग तू तुझी रीत काढलीस. सकाळी शिरस्तेदार बघून गेला की दोन घागरी आत ओतायच्या, दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधी काढून जमीन पुसायची. "साहेबाला कोरडा, आपल्याला ओला," असं म्हणायचास. आई चुलीपाशी तांदळाची भाकर थापतेय, तू तिच्या बाजूला बसून नळाच्या कातड्याला खोबरेल चोळतोयस, आणि ती म्हणते, "माझ्या केसांना तेल नाय, तुझ्या बंबाला हाय." तू म्हणतोस, "तू रुसलीस तर जेवण मिळत नाय. हा रुसला तर गाव जळंल."

मग ती शिमग्यानंतरची दुपार. खोपटच्या बाजूला छपराला ठिणगी लागली. आम्ही बारा जण दोर लावून बंब ओढत नेला, बायकांनी घागरींची रांग लावली, बंब काठोकाठ भरला. मी दांडा मारतोय, मारतोय, आणि आतून म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा नुसता आवाज येतोय. तू नळाचं पितळी तोंड कानाला लावलंस. कळलं तुला. नळ टाकलास, आकडा घेतलास नि चढलास. अर्धी आळी जळाली, अर्धी तू हाताने वाचवलीस, आणि त्या हातांची सालं निघाली.

चौकशीत शिरस्तेदाराने विचारलं, "कातडं वाळलं कसं?" तुला सांगता आलं असतं की कोरडा ठेवायचा हुकूम तुमचाच. नाही सांगितलंस. हात जोडून म्हणालास, "बंब रुसला, साहेब. चूक माझी." असं का बोललास, बा? ह्याचा मला इतकी वर्षं राग आहे. नोकरी गेली, तू परत मिठागरात गेलास. भाजलेले हात घेऊन मिठात. संध्याकाळी आई हातांना लोणी लावायची तेव्हा तू छताकडे बघत बसायचास. दोन पावसाळे काढलेस आणि गेलास. घाटावर लोक बोलत होते, माणूस बरा होता, पण कामात ढिला. मी तिथेच उभा होतो.

ढिला तू नव्हतास, बा. घागरी ओतायचं काम तुझं नव्हतंच. तुझी कंबर धरली तेव्हापासून ते माझ्याकडे होतं. अठरा वर्षांचा घोडा होतो मी. शिमग्याचे आठ दिवस सोंगांच्या मागे दिवसभर पार कल्याणपर्यंत हिंडलो, कोठीकडे फिरकलो पण नाही. रोज रात्री जेवताना तू विचारायचास, "ओतलं काय रं?" मी म्हणायचो, "ओतलं." आठ दिवस. आग विझल्यावर घरी आलो तेव्हा वाटलेलं आता तू मला फोडून काढशील. मी भिंतीला टेकून वाट बघत बसलेलो. तू म्हणालास, "भाकर घे आणखी." बस, एवढंच. एक थोबाडीत दिली असतीस तर मी सुटलो असतो. तू मला सुटू पण दिलं नाहीस.

उद्या कचेरीत जायचंय. माफी मागेन, पागोट्याचे पैसे कापा म्हणेन. वाटेत ठरवत होतो की खरं सांगून टाकावं, तुझं नाव त्या कागदावरून धुऊन काढावं. नाही सांगणार. सांगितलं तर मुकादमकी जाईल, आणि मला ती पाहिजे. आई गेल्या साली तुझ्याकडे आली. तिला अजून वाटतं सगळा दोष शिरस्तेदाराचा. वाटू दे. हा कागद पोस्टात टाकण्यातला नाही, चुलीतच जाईल, पण तुला कळेल ते कळेल. कळलं तरी कोणाला बोलू नको, बा. तिला तर नकोच नको. पाया पडतो तुझ्या.